बावीस बाटल्या, दोन बेटं

मिलिंदकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला कामावर होते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं आणि नंबर चिकटवण्याचं माझं काम. स्क्रीनवर काकांचंच नाव होतं म्हणून मी "बोला काका" म्हणाले, आणि पलीकडून काकूचा आवाज आला. काकू स्वतः कधी फोन लावत नाही. काकाच नंबर लावून तिच्या हातात द्यायचे. "प्रज्ञा, हे उठंनात गं," ती म्हणाली. "जेवून पडले हुते... हलवलं, पानी लावलं डोळ्यांना, तरी उठंनात." मी हातातल्या नळीवर नंबर चिकटवला, ती ट्रेमध्ये ठेवली आणि मगच उठले. एवढं नीट आठवतं. त्यानंतर एसटीत कशी बसले, देवळाली प्रवराला कधी पोचले, ते आठवत नाही.

जलदानविधीच्या दिवशी त्रिसरण-पंचशील झाल्यावर चार-पाच जण बोलले. बहुतेक काकांचे जुने विद्यार्थी. सर वेळेचे पक्के होते, सरांनी प्राणिशास्त्राची भीती घालवली, आम्ही त्यांना मागून 'किडेसर' म्हणायचो आणि ते त्यांना माहीत होतं... लोक हसले, मग डोळे पुसले. पण किडेसरांचे किडे नेमके कुठले, हे कुणी बोललं नाही. त्यांच्यातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते काकूला, शेजारच्या आण्णांना आणि मला. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नको म्हणाले. चारचौघांत उभं राहून बोलणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते तर मी आयुष्यभर कुणाशीच बोलले नव्हते. ते इथं लिहिते आहे.

माझे आजोबा शुगर फॅक्टरीत कामाला होते. काका त्यांचे थोरले, घरातले पहिले एम.एस्सी. नोकरी लागण्याआधी, अगदी तरुणपणी, ते एका संशोधनाच्या बोटीवर मदतनीस म्हणून गेले होते. बोट पार दक्षिणेला, हिंदी महासागर संपत येतो तिथवर गेली. वाटेत दोन बेटांवर थांबली. नकाशावर त्यांना भारदस्त परदेशी नावं आहेत, पण काका घरात 'पहिलं बेट' आणि 'दुसरं बेट' एवढंच म्हणत, जणू पहिली गल्ली आणि दुसरी गल्ली. तिथं झाड नाही. माणूस राहत नाही. उन्हाळ्यातसुद्धा कानाला दडे बसवणारा वारा, काळे दगड, किनाऱ्यावर कुजलेल्या समुद्री शेवाळाचे ढीग. बोटीवरच्या मोठ्या शास्त्रज्ञांना पक्षी आणि मासे हवे होते. काकांना सांगितलं होतं, रिकामा वेळ मिळेल तेव्हा दगडाखालचं जे सापडेल ते बाटलीत भर. काकांनी दोन्ही बेटांच्या किनाऱ्यांवर मिळून बावीस बाटल्या भरल्या. परत आल्यावर त्या कुणीच मागितल्या नाहीत. तुझ्याकडेच असू देत, म्हणाले. अशा त्या बाटल्या देवळालीला आल्या आणि चाळीसेक वर्षं काकांच्या लोखंडी कपाटात राहिल्या.

बाटल्यांमध्ये होते स्प्रिंगटेल. तिळाच्या निम्म्याएवढा, करडा-काळा जीव. पाय सहा, पण पुस्तकं त्याला धड कीटकही म्हणत नाहीत. पोटाखाली दुमडलेली एक शेपटी असते. ती सुटली की जीव चाप सोडल्यासारखा उडतो. त्याची कातडी पाण्यानं भिजत नाही. लाट आली तर तो बुडत नाही, धुळीसारखा पाण्यावर तरंगतो, आणि लाट जिथं सोडेल तिथं पुन्हा दगडाखाली शिरतो. "मडम, त्याला गोठायचं माहीत नाही, बुडायचं माहीत नाही," काका मला सांगत. मी नगरच्या इंग्लिश मीडियमला होते म्हणून त्यांनी मला 'मडम' करून टाकलं होतं. सुट्टीत मी देवळालीला गेले की ते मला उसाच्या फडात नेत आणि ओलं पाचट उलटून दाखवत. त्याखाली आपल्याकडचे स्प्रिंगटेल असतात. काका हळूच फुंकर घालत आणि पांढरे ठिपके टपाटप उडत. "हे आपले. हे उडतात. आणि त्या बेटांवरच्या काही बाटल्यांतले असे आहेत की त्यांची शेपटी आखडून एवढीशी झाली आहे. का सांग?" मी आणखी थोडं पाचट उलटलं. "विचार कर. तिथं उडी मारली तर वारा कुठं नेऊन टाकेल? त्यापेक्षा धरून बसलेलं बरं." हा त्यांचा तर्क होता, सिद्ध झालेलं काही नव्हतं. पण सांगताना त्यांचा चेहरा असा होई, की मी तो पाहण्यासाठी तोच प्रश्न पुन्हा विचारायची.

काकूला या सगळ्याचं कौतुक नव्हतं, निदान दाखवायला तरी. "समिंदरापल्याड जाऊन मानसं मोती आनतात, आमच्या यांनी पिसवा आनल्या," ती आल्यागेल्याला सांगे. बाटल्यांतलं स्पिरिट उडत राहतं, ते दर सहा महिन्यांनी भरावं लागे. कॉलेजच्या लॅबसाठी आणलेल्यातून काका रीतसर सही करून थोडं घेत, आणि ते बनायचं उसाच्या मळीपासून. शेजारचे आण्णा ऊसवाले. ते कुंपणावरून ओरडत, "सर, आमच्या उसाची तुमचं किडं पितेत, अन् आमी कोरडंच! हा कुठला न्याय?" काका शांतपणे म्हणत, "आण्णा, तुम्ही पण बाटलीत बसा, तुम्हाला पण गळ्यापर्यंत भरतो." आण्णांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जाई.

काकांना जे करायचं होतं ते सांगायला सोपं आहे. आखूड शेपटीवाले सगळे दुसऱ्या बेटाचे आणि उडणारे सगळे पहिल्या बेटाचे, असं दाखवता आलं, तर आखूड शेपटीवाल्यांची जात वेगळी, फक्त त्या बेटाची, आजवर नाव नसलेली, असं म्हणता येणार होतं. दोन्ही एकाच दगडाखाली राहत असतील तर मात्र ती एकाच जातीतली उंच-बुटकी माणसं. म्हणजे कुठली बाटली कुठल्या बेटाची, यावर सगळं होतं. आणि ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं. प्रत्येक बाटलीत, स्पिरिटच्या आत, बोटाच्या पेराएवढी एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर शिसपेन्सिलीनं नंबर. वहीत त्या नंबरापुढे बेट, किनारा, दगड, शेवाळ असं सगळं. बाहेर लावलेली चिठ्ठी पडते, झुरळं खातात. म्हणून चिठ्ठी नेहमी आत. हे काका मला बाटली दाखवताना सांगायचे. पेन्सिलच का, ते मात्र मी कधी विचारलं नाही, आणि त्यांना सांगायची गरज वाटली नसावी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी जुना पण चांगला सूक्ष्मदर्शक मिळवला आणि एकेक बाटली तपासायला घेतली. चार झाल्या होत्या.

माझ्या दहावीच्या सुट्टीतली गोष्ट. काका-काकू सोनईला एका लग्नाला गेले होते, संध्याकाळी परतणार होते. जाताना काकांनी मला कपाटाची किल्ली दिली. ती ते कुणाला देत नसत. "मडम, मानेपर्यंत स्पिरिट भरून ठेव. बुचं घट्ट." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. बाटल्या खोक्यातून काढल्या तर चिठ्ठ्यांवरचे नंबर फिके, काकांचं अक्षर वाकडं, सातचा आकडा एक वाटेल असं. माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत मला त्याची बक्षिसं होती. मराठी अक्षर नाही, पण आकडे आणि इंग्रजी. मी ठरवलं की सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्या, संध्याकाळी काकांना दाखवायच्या. माझ्या दप्तरात जांभळा जेल पेन होता, मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेला. मी चिमट्यानं एकेक चिठ्ठी काढली, नवी कापली, सुंदर नंबर घातला, आत सोडली. लिहिताना प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहिली. कशात शेवाळाचा तुकडा होता, कशात काळी वाळू, एकीचं बूच चिरलेलं. निम्म्या बाटल्यांचे नंबर मला सहज पाठ झाले. जुन्या चिठ्ठ्या गोळा करून मी पाणी तापवायच्या बंबात टाकल्या.

दुपारी सहज पाहायला गेले तर स्पिरिट जांभळं झालं होतं. सगळ्याच बाटल्यांत, कुठं फिकं कुठं गडद. अजून निम्मे नंबर दिसत होते. पुसट, पण दिसत होते. त्याच क्षणी पेन्सिल घेऊन ते उतरवून घेतले असते, तर... मी तसं केलं नाही. मला फक्त तो रंग घालवायचा होता, काका यायच्या आत. मी सगळं स्पिरिट ओतून दिलं, जीव वाहून जाऊ नयेत म्हणून बाटल्यांच्या तोंडाला फडकं लावून, नवं भरलं, परत ओतलं, परत भरलं. वर्तमानपत्रावर बाटल्या पुढं-मागं झाल्या. चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. मी त्या तशाच आत ठेवून खोकं भरलं, कपाटाला किल्ली लावली आणि अंगणात जाऊन बसले. काका आले, लग्नातले बुंदीचे लाडू दिले. "झालं का काम, मडम?" मी हो म्हणाले.

त्यांच्या लक्षात आलं ते दिवाळीच्या सुमारास. मी तेव्हा तिथं गेले होते. खोकं समोर घेऊन ते बराच वेळ बसले होते. मग मला हाक मारली आणि अगदी हळू विचारलं, "चिठ्ठ्या तू काढल्या होत्यास का गं?"

मी म्हणाले, "नाही काका. मी फक्त स्पिरिट भरलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. पुन्हा तो प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नाही.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी, काका जेवण झालं की जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बाटल्या मांडत. दोन ओळी. पहिलं बेट, दुसरं बेट. आधी तपासलेल्या चार त्यांनी आतल्या मातीवरून ओळखल्या होत्या. त्या खुंट्यासारख्या ठरलेल्या जागी. बाकीच्या अठरा ते इकडून तिकडे सरकवत. वहीत 'काळी जाड वाळू' असं लिहिलेलं असे, आणि तीन बाटल्यांत काळी जाड वाळू असे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरं कामच राहिलं नाही. आखूड शेपटीवाले ज्या बाटल्यांत आहेत त्या त्यांनी सूक्ष्मदर्शकातून केव्हाच शोधल्या होत्या. सात होत्या. त्या सगळ्या दुसऱ्या बेटाच्या ओळीत ठेवणं अगदी सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. एकदा आण्णा तसं म्हणालेही, "अवो सर, ठिवा की त्या सात तिकडं अन् मोकळं व्हा. ते किडं काय कोर्टात जानार हायेत व्हय?" काका हसले नाहीत. "आण्णा, मग मी कशाला पाहिजे? ज्योतिषीसुद्धा करेल ते." मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते आणि पान उलटत नव्हते.

तसं बघता सांगायची वेळ शंभरदा आली. बारावीनंतर, बी.एस्सी. झाल्यावर, नोकरी लागल्यावर. लॅबमध्ये पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं की नाव नसलेली नळी फेकून द्यायची, तिच्यावर तपासणी करायची नाही. त्या दिवशी मी बसमध्येच ठरवलं होतं की या रविवारी जाऊन सांगायचं. गेले. काका नेहमीसारखे वर्तमानपत्रावर वाकलेले. मी शेजारी बसले, आणि त्यांनी सरकून मला जागा दिली... मी नव्या नोकरीतल्या कँटीनबद्दल बोलले. तोवर माझ्या डोक्यातले नंबरही पुसले गेले होते. चिरलेल्या बुचाची बाटली नववी होती की एकोणिसावी, हे मला सांगता येत नव्हतं. मग सांगून तरी काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ते समजावणं मला सोयीचं होतं.

शेवटची भेट ते जाण्याआधी तीन आठवडे झाली. काका वाळले होते, चष्मा नाकावरून घसरत होता. म्हणाले, "मडम, तिकडचा बर्फ मागं हटतोय म्हणतात. किनारे बदलतात, बाहेरून नवे जीव येतात. मला वाटायचं आपल्याला न जमलं तर पुढं कुणी जाईल, नवे गोळा करील. पण आता ते तिथं असतील का, कोण जाणे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "ज्याला नाव नाही तो गेला तरी गेला असं कोण म्हणणार?" मी म्हणाले, "काका..." ते थांबले. चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहत राहिले, खूप वेळ. मी म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. दाखवून या." ते म्हणाले, "हो. जायला पाहिजे." आणि परत बाटल्यांकडे वळले.

जलदानविधीनंतर मी एका संग्रहालयातल्या बाईंना फोन केला. अनोळखी माणसाला फोन करायला मला आधी कागदावर वाक्यं लिहून काढावी लागतात. तशी लिहून घेतली होती. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "कुठल्या किनाऱ्यावरचे आहेत हेच माहीत नसेल, तर आम्ही ठेवून काय करणार?" मी डीएनएचं विचारलं. इतकी वर्षं अशा स्पिरिटमध्ये राहिल्यावर काही हाती लागेल असं वाटत नाही, म्हणाल्या. वाईट वाटून घेऊ नका, शाळेला वगैरे दाखवायला द्या, असंही म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा काकू दारात उभी होती.

"न्हाई म्हनले?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाल्या." आणि मग, का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. पेन, बंब, जांभळं स्पिरिट, खोटं बोलणं. काकू दाराला टेकून ऐकत होती.

"त्यांला ठाव हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"चिठ्ठ्यांच्या कडंला जांभळा डाग हुता. आमच्या घरात जांभळ्या शाईचा पेन तुझ्याबिगर कोनाचा हुता? दिवाळीत खोकं उघडलं त्याच दिशी वळखलं त्यांनी."

मी म्हणाले, "मग रागावले का नाहीत?"

"रागवून काय व्हनार हुतं? त्यांचं म्हननं येगळंच हुतं." काकू माझ्यासमोर बसली. "म्हनायचे, पोरीचं ध्यान लई चांगलं हाय. लिहिताना तिनं एकेक बाटली बघितली आसनार. तिनं सोताहून सांगितलं, की दोघं बसून लावू, निम्म्या तरी लागतील. मी म्हनायची, अवो इचारा की मंग. तर म्हनायचे, एकदा इचारलं, न्हाई म्हनली. परत इचारलं तर पोर घरी यायची बंद हुईल."

"कधीपर्यंत वाट बघितली त्यांनी?"

काकूनं पदरानं तोंड पुसलं. "तू आली की बाटल्या काढायचेच की. दर खेपेला."

मी तोवर समजत होते की काका बाटल्या रविवारी काढतात. मी रविवारी जायची. मी न गेलेल्या रविवारी काय व्हायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता काकूला विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी मला माफ केलं होतं, असं कुणी म्हणेल. तसं म्हणून मला सुटका करून घेता येत नाही. माफ केलं असतं तर ते बसून राहिले नसते. त्यांना माझ्याकडून एक गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडे होती, निदान सुरुवातीची दोन-तीन वर्षं होती. माझं येणं आणि त्या जिवाचं नाव, यांपैकी त्यांनी माझं येणं ठेवलं. आणि मी येऊन चष्म्याच्या नंबरावर बोलत बसले.

परवाच्या रविवारी मी पुन्हा देवळालीला गेले. जेवण झाल्यावर कपाट उघडलं. स्पिरिट बरंच खाली गेलं होतं. पाच बाटल्यांत जीव तळाच्या ओल्या गाळाला चिकटले होते. भरून घेतलं. मग वर्तमानपत्र पसरलं आणि बाटल्या मांडल्या. चार काकांच्या जागेवर. मग चिरलेल्या बुचाची उचलली, खिडकीशी उजेडात धरली, डोळे मिटले, ती दुपार आठवायचा प्रयत्न केला. शाईचा रंग आठवला. चिमट्याचा गारवा आठवला. बंबात कागद पेटल्याचा आवाज आठवला. आकडा आठवला नाही. दुसरी उचलली. तिसरी. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं तोवर माझ्या अठराही पाहून झाल्या होत्या.

काकू चहा घेऊन आली. उभ्यानंच खाली पाहिलं. "लागली का येखादी?"

"नाही."

ती कप ठेवून माझ्याजवळ खाली बसली. गुडघे दुखतात, म्हणून ती सहसा जमिनीवर बसत नाही. तिनं एक बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली, आत बघितलं, आणि चुकीच्या जागी ठेवली जाईल म्हणून घाबरून माझ्याकडे धरली.

"ही कुठं हुती गं?"

"कुठंही ठेव, काकू," मी म्हणाले.